बस्त्याच्या मजल्यावरचा जावई

आमच्या दुकानात जावई दोन होते. एक पुण्याला राहायचा आणि सणावारी यायचा. दुसरा बाराही महिने बस्त्याच्या मजल्यावर खांबाला, माझ्या डोक्याच्या वीतभर वर, स्क्रूने बसवलेला होता. पहिला शेठच्या मुलीचा नवरा, इंजिनीअर. दुसरा त्यानेच आणलेला सेन्सर. पांढरी डबी, मध्ये फुगीर काचेचा डोळा. समोर माणूस हलला की तो मजल्यावरचे दिवे लावायचा, आणि माणसं हलायची थांबली की थोड्या वेळाने बंद करायचा. दुकानातली आम्ही मंडळी त्यालाही जावईच म्हणायचो. सारखं त्याच्याकडे लक्ष द्यावं लागायचं, नाही दिलं की तो रुसायचा, आणि त्याला दोन शब्द सुनावायची कोणाची छाती नव्हती.

दुकान बुलढाण्यात, कापडाचं, तीन मजली. मी तिथे साड्या दाखवायचो. माझं घर घाटाखाली, वडनेर भोलजीला. घरी आई, बाबा, धाकटी बहीण आणि कपाशी. मला शेती जमली नाही असं बाबा चारचौघांत सांगायचे. मी म्हणायचो, "तुमाले तरी कुठी जमून राह्यली?" त्यावर ते उठून म्हशीपाशी जायचे आणि मग मलाच वाईट वाटायचं.

दुकानाचे वरचे दोन्ही मजले कापसावर चढलेले होते. बीटीचं बियाणं आमच्या भागात नवीन आलं तेव्हा पहिली काही वर्षं बोंडअळी दिसेनाशी झाली. लोकांच्या हातात पैसा आला आणि तो सरळ लग्नांत गेला. शेठनी एक मजला चढवला, मग दुसरा. सगळ्यात वरचा खास बस्त्याचा. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड, शालूपासून मानपानाच्या टोप्या-टॉवेलांपर्यंत, दोन्ही घरच्यांनी समोरासमोर बसून एका बैठकीत घ्यायचं. त्याला अख्खा दिवस लागतो, चहा लागतो आणि टेकायला भिंत लागते. शेठनी तिथल्या खिडक्या बुजवून रॅक केले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी गादी घातली, छताला नक्षीचं पीओपी केलं आणि त्यात इतके दिवे बसवले की भर दुपारी जिना चढून आलेला माणूस आधी डोळे चोळायचा.

मग अळी परत आली. गुलाबी. बियाण्याच्या पाकिटावर तिला मनाई होती, पण तिने पाकीट वाचलेलं नव्हतं. बोंड बाहेरून धडधाकट दिसायचं, फोडलं की आत कवडी. कवडी म्हणजे डागाळलेला, बोंडाला चिकटून बसलेला कापूस. तो वेचताना बोटं फाटतात आणि बाजारात त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. लग्नं होतच होती, पण बस्ते आटले. वरच्या मजल्यावर दिवसच्या दिवस कोणी चढायचं नाही आणि दिवे मात्र सगळे सुरू. शेठ जिन्याखाली उभे राहून वर पाहायचे आणि म्हणायचे, "मजला चढवता येते बे, उतरवता नाही येत." मग दिव्यांचं काहीतरी करू, असं त्यांनी ठरवलं.

त्याच सुमारास अधिक मास आला आणि जावईबापू धोंड्याच्या जेवणाला आले. शेठनी त्यांना चांदीचं ताट दिलं. त्यांनी शेठना सेन्सर दिला.

"बाबा, प्रॉब्लेम दिव्यांचा नाहीचे," जावईबापू म्हणाले, "माणूस नसताना दिवा चालू असतो, हा प्रॉब्लेम आहे." हे त्यांनी इतक्या स्वच्छ मराठीत सांगितलं की शेठना ते लगेच पटलं. जुने दिवे निघाले, एलईडी आले. खालच्या मजल्यावर काचेजवळ त्यांनी वेगळं यंत्र लावलं. बाहेर ऊन असलं की दाराजवळचे दिवे आपोआप मंद व्हायचे. त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. आमच्याकडच्या बायका तशाही साडी पसंत पडली की उचलून दाराबाहेर पायरीवर नेतात आणि उन्हात धरून पाहतात. कोणत्याच दिव्यावर त्यांचा कधी विश्वास नव्हता.

वरच्या मजल्यावर डबी छताला लावायची होती. पण पीओपीच्या नक्षीला भोक पाडायला शेठ तयार होईनात, म्हणून ती खांबाला लागली. जावईबापूंनी डबीच्या बाजूचा एक बारका स्क्रू दाखवला. इकडे फिरवला की दिवा उशिरा जातो, तिकडे फिरवला की लवकर. त्यांनी तो मधोमध ठेवला आणि पुण्याला गेले. त्यांची गाडी घाट उतरली नसेल तोच शेठनी तो तिकडे पार शेवटापर्यंत पिळला.

बिल उतरलं. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाटेल मी पुण्याच्या माणसावर खार खाऊन आहे. तो मी आहेच, पण बिल उतरलं.

अडचण यंत्रात नव्हती. भारनियमनाची वर्षं आम्ही सगळ्यांनी काढलेली, आणि ती अंगात मुरलेली. आमच्याकडे वीज गेली असं कोणी म्हणत नाही, लाइन गेली म्हणतात. लाइन गेली की काय करायचं ते लहान लेकरालाही ठाऊक असतं. जिथे आहेस तिथे गुमान बसायचं. उठायचं नाही, कोणाच्या ताटात पाय पडतो. लाइन तिच्या मर्जीने जाते, तिच्या मर्जीने येते, आणि आली की सगळ्यांनी एका सुरात "आली!" म्हणायचं. आता अशी माणसं बस्त्याला बसायची. एखाद्या साडीवर दोन्ही घरचे विचारात पडले की कोणी हलायचं नाही. जावई रुसायचा. अंधार. कोणीतरी म्हणायचं, "लाइन गेली." आणि सगळे होते त्याहून गप्प, होते त्याहून स्थिर होऊन लाइन यायची वाट पाहत बसायचे. ती कशी येणार? ती यांच्या हलण्याची वाट पाहत बसलेली. हिवाळ्यात पंखेही बंद असायचे, त्यामुळे संशय यायला काही जागा नव्हती.

मग शेठ जिन्यावरून धापा टाकत वर यायचे. "लाइन नाही गेली! सिस्टीम आहे! हात हलवा!" हे वाक्य शेठच्या अभिमानाचं होतं. अख्ख्या बाजारात लाइन जाईल, पण आपल्या दुकानात फक्त सिस्टीम. कोणी चुकून "लाइन गेली" म्हटलं तर ते चहाचा कप खाली ठेवून त्याला समजावून सांगायचे. एकदा मोताळ्याकडचे एक म्हातारे बाबा बस्त्याला आले होते. शेठ म्हणाले, "त्या डबीकडे पाहून हात करा." बाबांनी डबीकडे पाहून हात जोडले. दिवे लागले. त्यानंतर त्या गावचं कोणीही बस्त्याला आलं की आधी खांबाला नमस्कार करायचं आणि मगच बसायचं. शेठनी त्यांना दोनदा समजावलं आणि नाद सोडला.

आमच्यात सगळ्यात जुने चाचा. शेठच्या वडिलांपासून ते गादीवर होते. शालू उलगडावा तो चाचांनी. एका झटक्यात पदर गिऱ्हाइकाच्या मांडीवर यायचा आणि घडी मोडायची नाही. चाचांनी जावयावर उपाय काढला. त्यांनी टेबलफॅनसमोर एक ओढणी बांधली, म्हणजे ती सारखी फडफडत राहील आणि आपल्याला बसून राहता येईल. ओढणी दिवसभर फडफडली. जावई ढिम्म. त्याला अंगाची ऊब लागायची, नुसतं कापड हललेलं त्याच्या खिजगणतीत नव्हतं. चाचा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. "कपडे की दुकान में बैठेला है," ते म्हणाले, "और कपडे को नहीं पहचानता!"

म्हणून शेवटी ते काम माझ्याकडे आलं. बस्ता सुरू असला की मी खांबाजवळ उभा राहायचो आणि अधूनमधून हात हलवायचो. चाचा माल दाखवायचे, गिऱ्हाईक विचार करायचं, मी हात हलवायचो. मी बी.ए. झालेला माणूस आहे. घरी हे मी कधीच सांगितलं नाही.

आणि त्याच वर्षी माझ्या बहिणीचं जमलं. मुलगा लोणारकडचा, चांगला, नोकरीवाला. त्यांच्याकडेही कपाशीच. सगळं सुरळीत ठरलं. देण्याघेण्याचं कोणी बोललं नाही, कोणी काही मागितलं नाही. पंचाईत तीच होती. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. बाबा म्हणाले, "त्यायनं काही मांगलं नाही, मंग आपुन बस्ता कमी कसा करावा? बस्ता तुह्याच दुकानात." मी म्हटलं, "माह्या दुकानात काऊन? नांदुऱ्यात कापड भेटत नाही का?" तर म्हणाले, "पोरगं बुलढाण्याच्या दुकानात हाये, हे त्यायले दिसू तं दे."

बस्त्याच्या दिवशी आई म्हशीपाशी घरी राहिली. बाबा, बहीण आणि गावातली दोन मोठी माणसं, असे सगळे बसने वर आले. मी आदल्या दिवशी घरी गेलो होतो, त्यामुळे मीही त्यांच्यासोबतच होतो. बस राजूर घाटाला लागली आणि बाबा खिडकीबाहेर पाहत सहज बोलावं तसं बोलले, "नाल्याकडलं वावर एका जनाले दाखवून ठेवलं हाये. बस्त्याचा खर्च वर गेला तं देऊन टाकाचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमची विहीर नाल्याकडच्या वावरात. ते गेलं की राहिलेली जमीन म्हणजे आभाळाकडे तोंड करून बसणं. मी म्हटलं, "कापडासाठी विहीर इकता?" बाबा म्हणाले, "बसमंदी वरडू नोको." बहीण मधल्या सीटवर बसली होती. तिने आमच्या दोघांकडेही पाहिलं नाही. डोक्यावरची ओढणी नीट केली आणि पुढच्या सीटची दांडी धरून बसली.

लोणारची मंडळी आधीच येऊन गादीवर बसली होती. नवरदेवाला रजा मिळाली नव्हती. त्याचे वडील साधे, कमी बोलणारे. बोलण्याचं सगळं काम त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे नवरदेवाच्या आत्याकडे. उंच बाई, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की चाचांनीसुद्धा आपला आवाज खाली घेतला. बस्त्याला नवरीचं कापड नवरदेवाकडचे घेतात, नवरदेवाचं नवरीकडचे. पसंती सगळ्यांची, नवरीची सोडून. नवरी खाली मान घालून बसते.

सुरुवात बाबांनीच केली. नवरदेवाच्या सुटासाठी चाचांनी मधल्या किमतीचं कापड काढलं, तर बाबांनी ते बोटाने बाजूला सारलं. "याच्यावरचं दाखवा." चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला, कारण तेवढंच माझं काम होतं. वरचं कापड आलं, ते ठरलं. आत्याबाईंनी ते पाहिलं आणि पाठ ताठ केली. "आमच्याकडं बी काही कमी नाही, व्याही. नवरीचा शालू आम्ही बी तसाच घेणार." मग शालू चढला. शालू चढला तशा बाबांनी त्यांच्याकडच्या मानाच्या साड्या चढवल्या. त्या चढल्या म्हणून आत्याबाईंनी आमच्याकडच्या मंडळींचे फेटे चढवले. दोन्हीकडची माणसं हसत होती, एकमेकांना चहाचा आग्रह करत होती, आणि मला राजूर घाट चढल्यासारखं कानात दडे बसत होते. प्रत्येक थान उलगडलं की मला नाल्याकडचं वावर दिसायचं. मला बाबांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. मी हलवायचो तो हात, तोही जावयासाठी.

शालूपाशी गाडी अडली. चाचांची एक पद्धत होती. शालू दाखवताना ते जोडी काढायचे. दोन्ही एकाच रंगाचे, एकाच काठाचे. एक अस्सल जरीचा, दुसरा तसाच दिसणारा, हलक्या जरीचा. लांबून फरक कळत नाही, हातात घेतला की वजनावरून कळतो. त्यांनी डाळिंबी रंगाची अशी जोडी आत्याबाईंसमोर टाकली. आत्याबाईंनी अस्सल जरीच्या पदरावरून हात फिरवला आणि जर त्यांच्या बोटांना अडकली. बारीक धागा ओढला गेला. चाचांचा जीव वर-खाली झाला. मी खांबाजवळून आत्याबाईंची बोटं पाहिली. टोकं फाटलेली, नखांच्या कडेला काळ्या चिरा. कवडी वेचलेली बोटं मला न ओळखायला काय झालं, आमच्या घरात सगळ्यांची तशीच होती. त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला आणि आवाज आणखी मोठा केला. "हाच. भारीतलाच. आमच्या घरची सून येते."

तेव्हा बहिणीने दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. खाली मान घालूनच म्हणाली, "आत्या, तो दुसरा बी चांगला दिसते."

"गप बस वं पोरी," आत्याबाई म्हणाल्या. "नवरीनं बोलू नाही."

बाबा हसले. बाबा असे हसलेले मला आवडत नाहीत. "आता विहीणबाईनं एवढा भारी शालू घेतला म्हटल्यावर नवरदेवाचे कपडे एका सुटावर कसे भागतीन," ते म्हणाले. "चाचा, शेरवानी बी काढजा." शेरवानी म्हणजे विहीर गेली. हे त्या मजल्यावर तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक खाली मान घालून बसली होती.

चाचा शेरवान्या आणि चहा सांगायला खाली गेले. आत्याबाईंनी पितळी ताट मागवलं. अस्सल जरीचा शालू त्यात ठेवला, वर नारळ ठेवला. हलक्या जरीचा तिथेच ताटाशेजारी पडलेला. आता त्या कुंकू लावणार होत्या. शालूला कुंकू लागलं की बस्ता पक्का. मग ते कापड बदलत नाहीत, जग इकडचं तिकडे झालं तरी. आत्याबाईंनी कुंकवाची डबी उघडली, बोट बुडवलं, डोळे मिटले आणि कुलदैवताचं नाव घ्यायला लागल्या. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. बस्त्याच्या मजल्यावर कोणीही हलेना.

मी हात हलवायला पाहिजे होता. नाही हलवला. माझा हात उचललाच गेला नाही. चालू दे म्हटलं, जेवढा वेळ अंधार तेवढा वेळ तरी कुंकू लागत नाही.

जावई रुसला. अंधार झाला.

"लाइन गेली," नवरदेवाचे वडील म्हणाले. दिवसभरातलं ते त्यांचं बहुतेक दुसरंच वाक्य.

"बसा, बसा," बाबा म्हणाले. "येते. हलू नोका कोणी, कापडावर पाय पडन."

सगळे स्थिर बसले. उन्हाळा होता, डोक्यावर पंखा फिरत होता. लाइन गेली तर पंखा कसा फिरतो, हे कोणाच्या मनातही आलं नाही. अंधार झाला की आमची माणसं विचार करत नाहीत, वाट पाहतात. तेवढ्यात गादीवर बांगड्या वाजल्या. अगदी हळू, कोणी हाताने दाबून धरल्यासारख्या. मग रेशमाची सळसळ. नारळ पितळेवर घरंगळल्याचा आवाज. आणि माझ्या लक्षात आलं की माझी बहीण काय करून राह्यली. तिला वाटलं होतं लाइन गेली. तिला जावयाबद्दल मी कधी सांगितलंच नव्हतं.

दिवे भक्कन लागले.

गादीच्या मधोमध ती गुडघ्यांवर उभी होती. एका हातात ताटातून उचललेला भारी शालू, दुसऱ्या हातात हलका. नारळ मांडीपाशी पडलेला. सगळ्यांनी सवयीने "आ—" म्हटलं, पण "आली" पूर्ण करायचं कोणाला सुचलं नाही. आत्याबाईंचं कुंकवाचं बोट हवेत. बाबांचा चेहरा मला पाहवेना. लग्न मोडायला याहून कमी कारणं पुरतात. नवरी बस्त्यात शालू बदलताना धरली गेली, हे लोणारपासून वडनेरपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं असतं. बहिणीने दोन्हीपैकी एकही शालू खाली ठेवला नाही. मला तिची लाज नाही वाटली. मला तिचा अभिमान वाटला.

त्याच वेळी शेठ जिन्याच्या तोंडाशी पोहोचले. शालू ठरताना ते स्वतः वर यायचे, तसे आले होते. त्यांनी तिला पाहिलं, तिच्या हातातले दोन्ही शालू पाहिले, आणि कोणत्या शालूचा भाव किती ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

माझ्या खांद्यावर उपरणं होतं. मानपानाच्या गठ्ठ्यातलं, जाडं, दाखवायला म्हणून घेतलेलं. मी ते काढलं आणि घडी न मोडता जावयाच्या तोंडावर धरलं. आता त्याला कोणीच दिसत नव्हतं. शेठनी मला तसं करताना पाहिलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

कोणी हलेना. आत्याबाई बहिणीकडे पाहत होत्या, बहीण त्यांच्या बोटांकडे. आणि शेठनी पिळलेल्या स्क्रूच्या कृपेने दिवे लवकरच पुन्हा गेले.

या वेळी पंख्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला असणार. तो वरती गरगरत होता, चांगला जोरात.

मी वाट पाहत होतो की शेठ आता बोलणार, लाइन नाही गेली, सिस्टीम आहे, हात हलवा. जिन्यावर चहाचे कप किणकिणले. चाचा अंधारात येऊन थांबले. "अरे, हात हलाव ना कोई," ते वैतागून म्हणाले.

"लाइन गेली, चाचा," शेठ म्हणाले.

चाचा थोडा वेळ पंखा ऐकत राहिले. "हाव सेठ," ते म्हणाले. "गयी." आणि ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग आत्याबाईंचा आवाज आला. दिवसभर जो आवाज मी ऐकत होतो तो हा नव्हता. "ठेव बाई," त्या म्हणाल्या. "जो ठेवायचा तो ठेव. अंधारात काय दिसतंय मला."

रेशमाची सळसळ झाली. नारळ पितळेवर बसला. बांगड्या या वेळी मोकळ्या वाजल्या.

"ताट इकडं सरकव," आत्याबाई म्हणाल्या. ताट सरकलं. त्या अंधारातच शालूवरून हात फिरवत होत्या, तो खसखस आवाज मला खांबापर्यंत आला. "ह्यो बरा आहे," त्या म्हणाल्या. "ह्यो बोटाला अडकत नाही."

बाबांनी नाक ओढलं. सर्दी नव्हती त्यांना. माझा हात वर धरून धरून भरून आला होता, खांद्यातून कळ येत होती, पण आत्याबाईंचं कुंकू लावून होईपर्यंत मी उपरणं हलू दिलं नाही.

मी ते काढलं तेव्हा दिवे लागले आणि सगळे म्हणाले, "आली!" ताटात हलका शालू होता आणि त्याच्या काठावर ठसठशीत कुंकू. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. चहा गार झाला होता तरी सगळ्यांनी तो गरम असल्यासारखा फुंकून प्यायला. मग बाबा घसा खाकरून चाचांना म्हणाले, "शेरवानी राहू द्या. आन् सुटाचं ते पह्यलंच कापड काढा, मधलं. वरचं गरम होईन जावयाले."

नाल्याकडचं वावर घरीच आहे. विहीरही. बहिणीचं लोणारला चांगलं चाललं आहे, आणि आत्याबाई अजूनही तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो आणि शेठच्या समोर उभा राहिलो. एवढा भारी शालू माझ्यामुळे विकायचा राहिला होता, काढून टाकतील असं मी धरूनच चाललो होतो. शेठ अगरबत्ती लावत होते. ती लावून झाली, गल्ल्याला, मोजपट्टीला ओवाळून झाली. मग ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "ते कालचं उपरणं गठ्ठ्यात परत टाकू नोको. खांबापाशीच राहू दे. यंदा लय बस्ते आहेत असे."